नवरदेवाची रिकामी ट्यूब

मी दोनदा रिटायर झाले. पहिल्यांदा ठाण्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलातून. तेव्हा शाल, नारळ, पेढे आणि बावीस वर्षांत माझ्याशी धड न बोललेल्या साहेबांचं माझ्यावर भाषण, असं सगळं रीतसर झालं. दुसऱ्यांदा डोंबिवलीतल्या एका खासगी लॅबमधून. तेव्हा मी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली, ग्लोव्ह्ज काढले आणि पर्स घेऊन निघाले. पहिल्या वेळी डोळ्यांत पाणी आलेलं. दुसऱ्या वेळी डोकं सणकलेलं, ते ठाण्यात कोपरीला घरी येईपर्यंत सणकलेलंच.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, कामाच्या आठवणी लिहा, जरा हलक्याफुलक्या असू द्यात. हलक्याफुलक्याही आहेत माझ्याकडे, एकदोन सांगतेही. पण लिहायला बसलं की दुसरी रिटायरमेंटच आठवते. राग अजून गेलेला नाही, वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

तर मी लॅब टेक्निशियन. साध्या भाषेत, तुमचं रक्त काढणारी बाई. नोकरीतली माझी बहुतेक वर्षं त्वचा आणि गुप्तरोग विभागाला जोडलेल्या एका छोट्या लॅबमध्ये गेली. पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ असं लिहिलेलं, पण येणारा प्रत्येक माणूस फक्त ‘त्वचा’ एवढंच वाचल्यासारखा चेहरा करून आत यायचा. कल्याणचा माणूस ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून ठाण्याला यायचा, ठाण्याचा मुंबईला जायचा, आणि मुंबईचे काही जण आमच्याकडे. नावं तर विचारूच नका. एकदा एकाच आठवड्यात तिघांनी एकाच क्रिकेटपटूचं नाव सांगितलं. तिसऱ्याला मी म्हटलं, साहेब, तुमची टीम इथेच येतेय वाटतं सगळी. तो बिचारा इतका घाबरला की रक्त न देताच पळाला. मग आमच्या डॉक्टरबाईंनी मला चांगलंच झापलं. म्हणाल्या, सरोज, तुझा विनोद झाला आणि माझा पेशंट गेला. त्यानंतर मी नावावरून कधी हसले नाही. नाव काहीही सांगा, आमच्याकडे ट्यूबवर नंबर असायचा आणि तो नंबर खोटं बोलायचा नाही.

खोट्या नावाइतकीच खोटी कारणं. कोणाला सार्वजनिक संडासातून लागलेलं, कोणाला आंबे जास्त झालेले, कोणाला बाइकच्या गरम सीटने. आणि सगळ्यांचा मिळून एक शब्द, उष्णता. आपल्याकडे कमरेखाली काहीही झालं की उष्णता. पुरुष सब्जा पितात, बायकांना आया धण्याचं पाणी पाजतात, उन्हाळी लागली म्हणतात, आणि आजार आपला मजेत राहतो. मला या शब्दाचा फार संताप आहे. एका शब्दाने किती जणांचे उपचार अडवलेत, त्याचा कोणी हिशेबच ठेवलेला नाही.

आमच्याकडे येणाऱ्या आजारांतला एक म्हणजे हर्पीस. पुढचं सगळं त्याच्यावरच आहे, म्हणून आधी सांगते. हा विषाणूचा आजार. त्याचे दोन प्रकार, एक नंबर आणि दोन नंबर. एक नंबर बहुतेकांना लहानपणीच गाठतो. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक फोडांचा ‘जर’ उठतो ना, तो हाच. कौतुकाने कोणीतरी पापा घेतलेला असतो, बस. दोन नंबर मुख्यतः शरीरसंबंधातून येतो आणि गुप्तांगावर उठतो. एक नंबरही तिथे जाऊ शकतो. आधी खाज, चुरचुर, मग पाण्याने भरलेले बारीक फोड पुंजक्याने येतात, ते फुटून जखमा होतात, लघवीला बसलं की जीव जातो. दोनतीन आठवड्यांत सगळं आपोआप सुकतं आणि माणूस म्हणतो, सुटलो. विषाणू मात्र कण्याजवळच्या नसांमध्ये जाऊन बसलेला असतो आणि मनात आलं की पुन्हा वर येतो. तो कायमचा जात नाही. गोळ्या आहेत, त्यांनी फोड लवकर सुकतात, पुन्हा येणं कमी होतं, दुसऱ्याला लागायची शक्यताही कमी होते. फोड असताना तर लागतोच, पण कधीकधी काहीच दिसत नसतानाही लागतो. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही. खूप जणांच्या अंगात तो असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. याने कोणाचा संसार अडत नाही, मुलंबाळं होतात. गरोदर बाईने डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण ऐन बाळंतपणात फोड असले तर बाळाला धोका असतो. झालं. एवढंच आहे. दोन मिनिटांत सांगून होतं, आणि ही दोन मिनिटं शाळा, कॉलेज, घर, कुठेही कोणी खर्च करत नाही.

त्या विभागाचा एक नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात. नवरा बायकोची चिठ्ठी घेऊन आला तरी नाही. एकदा एका नवऱ्याने काउंटरवर हात आपटून आरडाओरडा केला, नगरसेवकाला फोन लावतो म्हणाला. मी म्हटलं, लावा, रक्त तिचं आहे, रिपोर्टही तिचाच. बावीस वर्षांत मी एक कागद चुकीच्या हातात दिला नाही. हे ऐटीत सांगतेय, कारण पुढे काय केलं तेही सांगायचंय.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात एक मुलगा आला. पंचविशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड उलटं करून घातलेलं. नाव अर्थातच खोटं. डॉक्टरबाईंनी फोडाच्या तळाशी हलकेच खरवडून काचेची पट्टी माझ्याकडे दिली. ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की हर्पीसमध्ये मोठाल्या पेशी दिसतात, एकीत अनेक केंद्रकं एकमेकांना चिकटलेली. माझ्या डोळ्यांना त्या इतक्या सवयीच्या की पट्टी सरकवायच्या आधीच दिसायच्या. इतर तपासण्यांसाठी रक्तही काढायचं होतं. त्याच्या डाव्या कोपरावर लहानपणीच्या मोडलेल्या हाताची आडवी खूण होती आणि शीर त्या खुणेला वळसा घालून गेलेली. आमच्या धंद्यात माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, शीर राहते. (कोपर म्हणतेय खरी, पण ते कोपर नव्हतं. त्याची ओळख पटण्यासारखं जे जे होतं ते मी बदललंय.त्याची आईसुद्धा ओळखणार नाही.)

डॉक्टरबाईंनी त्याला माझ्यासमोर बसवून सगळं सांगितलं. फोड असताना संबंध अजिबात नाही, नसतील तेव्हाही ज्या मुलीशी जवळीक कराल तिला आधी सांगायचं, तिला ठरवू द्यायचं. त्याने मान डोलावली. सूचनांच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. फार शहाणा पेशंट, असं मी तेव्हा म्हटलेलंही आठवतंय.

रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून डोंबिवलीतल्या त्या लॅबमध्ये सकाळचं काम धरलं. तिथे एक गुलाबी पत्रक होतं, त्यावर मुंडावळ्या बांधलेलं हसरं जोडपं आणि खाली ‘विवाहपूर्व आरोग्य पॅकेज’. यात थॅलेसेमियापासून हर्पीसच्या रक्ततपासणीपर्यंत सगळं. आमच्या समाजात या पॅकेजचं फार कौतुक. आम्ही बौद्ध. आम्ही पत्रिका बघत नाही, मुहूर्त बघत नाही, आणि याचा आम्हाला अभिमान आहे, मलाही आहे. पण पत्रिका सोडली आणि तिच्या जागी हा रिपोर्ट आणून ठेवला. पूर्वी भटजी सांगायचा मुलीला मंगळ आहे, आता प्रिंटर सांगतो. पुढे विचार करायची गरज नाही, दोन्हीकडे सारखंच. आणि मंगळ जसा कायम मुलीच्याच पत्रिकेत सापडायचा, तसा रिपोर्टही मुलीचाच मागतात.

एका शनिवारी सकाळी स्नेहल आणि तिचा होणारा नवरा आले. स्नेहल हे तिचं खरं नाव नाही. कल्याण पूर्वेची मुलगी, एका शाळेत गणित शिकवणारी, वडील कारखान्यात फिटर. बरोबर मुलाची आई, हसतमुख बाई, माझ्याशीही कोपरीतल्या कोणाकोणाची ओळख काढत होती. पॅकेज तिनेच बुक केलेलं, फॉर्मवर फोन नंबर तिचाच. दोघांच्या ट्यूबांवर नावाची स्टिकर्स लावून मी तयार होते. स्नेहलचं रक्त काढलं. मग मुलगा बसला, बाही वर केली, आणि मला ती खूण दिसली आणि शिरेचा वळसा दिसला.

मी वर बघितलं. त्यानेही मला ओळखलं. एका सेकंदात त्याने बाही खाली घेतली आणि आईला म्हणाला, माझं ऑफिसात दरवर्षी होतंच गं, तोच रिपोर्ट देईन. आई म्हणाली, हो हो, मुलाचं काय एवढं. आणि मी काय केलं? मी फॉर्मवर त्याच्या नावासमोर ‘नंतर’ असं लिहिलं. त्याच्या नावाची रिकामी ट्यूब स्टँडमध्ये तशीच ठेवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्याचं गुपित मी कोणाला सांगू शकत नव्हते, आजही नावानिशी सांगत नाही. पण ‘दोघांचं बुकिंग आहे, दोघांचं होईल’ एवढं म्हणायला माझ्या तोंडाला काय झालं होतं? एवढं तर माझ्या अधिकारात होतं. मी मनाची समजूत घातली की सांगेल तो तिला, शिकलेला आहे.

दोन दिवसांनी रिपोर्ट तयार झाला. हर्पीस दोन नंबर, पॉझिटिव्ह. त्या लॅबची पद्धत अशी की रिपोर्ट झाला की फॉर्मवरच्या नंबरवर आपोआप जातो. मी सकाळी कॉम्प्युटर उघडला तेव्हा तो गेलेला होता. मुलाच्या आईला. आणि त्या माउलीने तो दोन्ही घरच्यांच्या ‘मंगल परिणय’ नावाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, हे काय आहे कोणी सांगेल का. त्या ग्रुपवर दोन्हीकडचे काका, मामा, आत्या, चुलत भावंडं, सगळे. स्नेहल तेव्हा शाळेत सातवीच्या वर्गावर होती. आपल्या अंगात काय आहे हे त्या मुलीला मधल्या सुट्टीत, ग्रुपवरून कळलं. बावीस वर्षं ज्या गोष्टीची मी ऐट मिरवली ती अशी मातीत गेली. लॅबच्या मालकांना मी म्हटलं, हे बरोबर नाही, त्या मुलीचा नंबर घ्यायला हवा होता. ते म्हणाले, मॅडम, बुकिंग करणारा तो कस्टमर. फॉर्म समोर असताना त्या मुलीचा नंबर मीही मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅब बंद करताना स्नेहल आली. एकटीच. खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिने मला एकच प्रश्न विचारला.

“मॅडम, हे एकदाच झालं तरी येतं का?”

मी म्हटलं, हो, येतं.

मग ती हळूहळू बोलली. साखरपुडा झाल्यावर थंडीत दोघं खडवलीला गेलेले, नदीवर, तिथल्या एका मित्राच्या बंगल्यात. एकदाच. त्याआधी तिच्या आयुष्यात कोणी नव्हतं. नंतर आठवड्याभराने आग, ताप, फोड. आईला फक्त आग होते एवढंच सांगितलं. आईने धण्याचं पाणी दिलं. उन्हाळी. थंडीच्या दिवसांत उन्हाळी. तिने त्यालाही सांगितलेलं, फोनवर. त्याने विचारलं, डॉक्टरकडे गेलीस का, आणि ती नाही म्हणाल्यावर म्हणाला, जाऊ नको, होतं असं पहिल्यांदा. ग्रुपवर रिपोर्ट आल्यापासून त्याचा फोन बंद होता. त्याच्या मामाचा मात्र तिच्या वडिलांना फोन आलेला. मुलीचं आधीचं काही असेल तर रविवारी चार माणसांत कबूल करा, आम्ही मागे फिरतो, विषय संपवू.

तिची कोंडी बघा. हा आजार कोणाकडून आला हे उघड सांगू शकणारी जगात ती एकटीच होती. पण ते सांगायचं म्हणजे खडवली सांगायची, आणि खडवली वडिलांसमोर सांगायची. नाही सांगितलं तर कल्याण पूर्वेत आयुष्यभर ती ‘आधीचं काही असलेली’ मुलगी. तो मुलगा नेमका याच भरवशावर फोन बंद करून बसलेला. आणि मी समोर बसलेले, मला माहीत होतं की त्याला सगळं माहीत होतं, सूचनांच्या कागदाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं.

मी तिला आधी ठाण्याला आमच्या डॉक्टरबाईंकडे नेलं, कारण रक्ताच्या या तपासणीवर आंधळा विश्वास ठेवायचा नसतो. कधीकधी ती उगाचच पॉझिटिव्ह येते. रक्त एवढंच सांगतं की या विषाणूची आणि तुमची कधीतरी गाठ पडलीय. कधी, कोणाकडून, ते रक्त सांगत नाही. स्नेहलला नेमके तेव्हा परत फोड आलेले. डॉक्टरबाईंनी त्याचा नमुना घेतला, तो पुढे पाठवला, आणि शंका राहिली नाही. गोळ्या सुरू झाल्या. बाईंनी तिला ती दोन मिनिटं दिली, मुलं होतील, संसार होईल, सगळं. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, म्हणजे मी मरणार नाही. चार दिवस ती मुलगी तेच धरून बसलेली. घरात, शाळेत, कोणाला विचारायची सोय नाही. हे ऐकून डॉक्टरबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

निघताना स्नेहल म्हणाली, मावशी, रविवारी याल का, रिपोर्ट समजावून सांगायला लॅबचं कोणीतरी हवं असं त्यांचे मामाच म्हणालेत. मॅडमची मी मावशी कधी झाले ते मला कळलं नाही. मी हो म्हटलं.

रविवारी कल्याण पूर्वेला तिच्या घरी दोन खोल्यांत दहाबारा माणसं. मुलाकडून आई, मामा आणि तो. तो भिंतीला टेकून मोबाइल बघत बसलेला. मामा बोलणारे, विहारातल्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करतात, आवाज तसाच. म्हणाले, आम्ही अंधश्रद्धा मानत नाही, विज्ञान मानतो, आणि विज्ञानाने जे दाखवलंय ते समोर आहे. मग मला म्हणाले, ताई, सांगा यांना हा काय रोग आहे.

मी सांगितलं. तुम्हाला वर सांगितलं तेवढंच, त्याच शब्दांत. शेवटी म्हटलं, हा आजार कोणाकडून आला हे या कागदावरून कळत नाही. मामा म्हणाले, पण आलाय ना. मी म्हटलं, आलाय.

“मग मुलाचा रिपोर्ट कुठे आहे?” मीच पुढे म्हटलं.

मुलाची आई म्हणाली, त्याचं ऑफिसात होतं. मी विचारलं, त्यात ही तपासणी असते का, आणि असेल तर कागद दाखवा. मामा चिडले, मुलाला काय झालंय, तो धडधाकट बसलाय समोर. मी म्हटलं, ही मुलगीही धडधाकटच बसलीय. दोघांचं बुकिंग होतं, त्याच्या नावाची ट्यूब लॅबमध्ये रिकामी आहे, किट मी पर्समध्ये आणलंय, आत्ता घेते. याहून एक अक्षर जास्त मी बोलले नाही. विज्ञानवादी मामांनी पाण्याचा ग्लास उचलला. मुलगा माझ्या हातांकडे बघत होता, चेहऱ्याकडे नाही. तो कोपराला हात लावून बसलेला.

तेव्हा स्नेहल उठली. आईने तिचा हात धरून खाली ओढलं, पण ती उभीच राहिली. त्याला म्हणाली, तू सांगतोस का? त्याने मोबाइल पुन्हा वर घेतला. मग वर्गात गणिताची उत्तरं सांगावी तशा आवाजात म्हणाली, “मी खडवलीला गेलेले, याच्याबरोबर. एकदाच. मला हे तिथून आलंय. आणि तेव्हा मी त्याला सांगितल्यावर हा म्हणालेला, डॉक्टरकडे जाऊ नको.”

मुलाच्या आईने कानांवर हात ठेवले. मामा म्हणाले, बघा, म्हणजे चारित्र्य बघा. लग्नाआधी एका बंगल्यात दोघं गेले, त्यात चारित्र्य एकीचंच गेलं, दुसऱ्याचं काय झालं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मी तिच्या वडिलांकडे बघत होते. काळेसावळे, हातांना कारखान्याचे डाग. ते उठले तेव्हा मला खरंच वाटलं, आता हे हिला मारणार, आणि मी मध्ये पडायची तयारी केली. ते दारापाशी गेले, मुलाच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि दार उघडं धरलं. तिघं गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

“मॅडम, तिची गोळी दिवसातून किती वेळा?”

सांगितलं. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. नंतर आत जाऊन मुलीशी काय बोलले मला माहीत नाही, बाहेर ऐकू येत होतं ते फक्त नाक ओढल्याचं, आणि ते तिचं नव्हतं.

इथे हे संपलं असतं तर मी आजही डोंबिवलीला जात असते. सहासात महिने गेले. एका सकाळी तेच पॅकेज, नवा फॉर्म, मुलीचं नाव वेगळं, आणि खाली फोन नंबर तोच. तो नंबर मी विसरणं शक्य नव्हतं. बुकिंग या वेळी एकीचंच. मुलगी बदलापूरची, बावीसतेवीसची, हातावर साखरपुड्याची मेंदी फिकट झालेली. होणाऱ्या सासूबाई बाहेर सोफ्यावर बसलेल्या, मला बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

मी पट्टा बांधला, शीर छान दिसत होती, सुई हातात घेतली. आणि पुढे हात जाईना. काय सांगू या पोरीला? जे सांगायला हवं ते सांगायचा मला हक्क नाही. तो माझा पेशंट होता, त्याने त्या दाराआड जे दाखवलं ते माझ्याबरोबर जाणार. तो नालायक निघाला म्हणून नियम बदलत नाही, नाहीतर उद्या त्या दारातून कोणी आतच येणार नाही. हे मला पटतं, आणि पटतं म्हणूनच जास्त संताप येतो.

मी सुई ट्रेमध्ये ठेवली, पट्टा सोडला. म्हटलं, बाळा, मी प्रत्येक मुलीला सांगते, होणाऱ्या नवऱ्याचं रक्त याच खुर्चीत, तुझ्यासमोर काढल्याशिवाय तुझं द्यायचं नाही. आणि तुझा रिपोर्ट तुझ्याच नंबरवर. प्रत्येक मुलीला सांगते, हे खोटं होतं. तिच्यापासून सुरुवात होती. तिने विचारलं, प्रत्येकीला? मी म्हटलं, प्रत्येकीला.

बाहेर सासूबाईंचा आवाज चढला, मालक आत आले, कस्टमर परत पाठवायचा नसतो वगैरे सुरू झालं. म्हणाले, मॅडम, घ्या सॅम्पल नाहीतर राहू द्या काम. मी ग्लोव्ह्ज काढले.

स्नेहलला हा लेख आधी वाचायला दिला. नाव बदल म्हणाली, शाळेचा विषय बदलला तरी चालेल, खडवली मात्र राहू दे, मला ती नदी आवडते. फोड आता क्वचित येतात. परवा तिला एका मुलाने विचारलंय, तिने त्याला चहा सांगायच्या आधी हर्पीस सांगितला. तो अजून विचार करतोय. करू दे, त्याला तेवढा हक्क आहे. तिला मात्र त्या दुसऱ्या मुलीचंच पडलेलं. फोन करून सारखं विचारते, मावशी, तिचं काय झालं.

मला एवढंच माहीत आहे. मी पर्स घेऊन निघाले तेव्हा मालक दुसऱ्या टेक्निशियनला हाक मारत होते आणि सासूबाई म्हणत होत्या, बस गं, दोन मिनिटांचं काम आहे. त्या पोरीने वर केलेली बाही खाली घेतली, मनगटाचं बटण लावलं आणि म्हणाली, “आई, त्यांनाही रक्त द्यायला बोलवा. मी थांबते.”